बॉस्टनच्या जल्लादाचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. जोडीतला डावा. माझा उजवा भाऊ शेजारीच आहे, पण तो अबोल आहे आणि त्याच्या वाट्याला फारसं काही आलंही नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना उसासे टाकायचे असतात म्हणे. मी ते करणार नाही. माझी शिवण अजून शाबूत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की लोक माझ्या मालकाला खोटा म्हणतात, आणि त्याच्या पायाला माझ्याइतकं जवळून कोणीच ओळखत नव्हतं.

माझा जन्म अलाबामाच्या डोंगराळ भागात, लूथर स्पीअर नावाच्या खोगीर शिवणाऱ्या माणसाच्या दुकानात झाला. घोडे कमी झाले तसा लूथर पैलवानांचे बूट शिवू लागला होता. ऑर्विल टिडमोर पहिल्यांदा त्याच्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगावर सूतगिरणीतला कापूस चिकटलेला होता. लूथरने कागदावर त्याच्या पावलाची रेघ मारली आणि मान वर न करता विचारलं, “बूट कशासाठी हवेत? नाचायला की मारायला?”

“मार खायला,” ऑर्विल म्हणाला.

लूथर हसला नाही. “मग डावा जरा जाड करतो,” तो म्हणाला.

त्याला धंदा ठाऊक होता. अमेरिकेत पैलवान एकमेकांचं डावं अंग धरतात. पिळायचा तो डावा हात, मुरगाळायचा तो डावा पाय. सगळ्यांनी एकच बाजू धरली की अनोळखी माणसासमोरही गोंधळ होत नाही. म्हणून लूथरने माझ्या घोट्याला गाईच्या कातड्याचा दुहेरी थर लावला. नडगीपर्यंत उंच, काळा, आणि तळ मात्र पातळ, म्हणजे पायाखालची फळी कळावी. मी तयार झालो तेव्हा लूथरने मला उलटा धरून टेबलावर आपटलं आणि म्हणाला, “चालेल.” एवढंच कौतुक. मला ते पुरलं.

आता मुद्द्याचं सांगतो. कुस्ती कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असायचं. होय, असायचं. ते मालक ठरवायचे. आमच्या भागातल्या कुस्त्यांचे मालक होते मिस्टर गॅडिस, आणि त्यांनी ऑर्विलला पहिल्याच दिवशी सांगितलं, “तू हरणारा आहेस. पण लोकांना वाटलं पाहिजे की तू जिंकशील, आणि त्या भीतीनेच त्यांनी यायला पाहिजे.” ठरलेला होता तो निकाल. पडणं कोणी ठरवून मऊ करू शकत नाही. रिंगमध्ये लाकडी फळ्या असतात, त्यावर बोटभर जाडीची गादी आणि वर ताडपत्रीसारखं कापड. सहा फुटांवरून पाठीवर पडायचं, आणि पडताना समोरच्याला इजा होऊ द्यायची नाही. खोटं म्हणणाऱ्यांनी एकदा खाटेवरून खाली पाठीवर पडून बघावं.

गॅडिसनी त्याला खलनायक केलं. नाव दिलं ‘बॉस्टनचा जल्लाद’. आमच्या भागात उत्तरेकडच्या श्रीमंत माणसाचा राग यायला फार प्रयत्न लागत नाहीत. ऑर्विल बॉस्टनला कधीच गेला नव्हता. तो अलाबामातल्याच सँड माउंटनचा, बटाट्याच्या शेतात वाढलेला, आणि तोंड उघडलं की पहिल्याच शब्दाला गाव कळायचं. म्हणून घर दूर, कोणी ओळखत नसलेल्या गावात घेतलं होतं, आणि त्याला चारचौघांत बोलायलाच बंदी होती. त्याने नुसतं नाक वर करायचं. त्याची बायको वर्डी हिने एका हिवाळ्यात बसून त्याच्यासाठी जांभळा सॅटिनचा झगा शिवला. त्यावर एकेक टिकली हाताने लावली. तो झगा घालून तो रिंगकडे निघाला की लोक पेले फेकायचे, तंबाखू थुंकायचे. एकदा पहिल्या रांगेतल्या एका आजीने टोपीची पिन काढून त्याच्या पोटरीत खुपसली. ती माझ्यातून आरपार गेली. ते भोक अजून आहे. खलनायकाच्या बुटाला हार घालत नाहीत, मित्रांनो. शिव्या आणि पिना हेच आमचं कौतुक, आणि ते आम्हाला भरपूर मिळालं.

नायक होता हॉइट स्टॅन्सिल. सोनेरी केस, पांढरे बूट, रविवारी चर्चमध्ये भजन म्हणणारा. गिरणीतली माणसं आठवडाभर मुकादमाचं ऐकून घ्यायची आणि शनिवारी हॉइटला बघायला यायची, कारण तिथे तरी कोणीतरी उलटून मारत असे. शेजारच्या सगळ्या गावांत त्याचा शब्द प्रमाण होता.

आमच्या धंद्याचा एक कडक नियम होता. नायक आणि खलनायक कधीही एकत्र दिसता कामा नयेत. दोघांची दारं वेगळी, खोल्या वेगळ्या, जेवायची ठिकाणं वेगळी. एका गाडीतून जाणं तर सोडाच. दोघं एकत्र दिसले तर गॅडिस दोघांनाही त्याच दिवशी काढून टाकत, आणि बाकीच्या मालकांना फोन करून सांगत, म्हणजे पुन्हा कुठेच काम मिळू नये.

हा नियम ऑर्विल आणि हॉइट रोज मोडत असत. कारण साधं होतं. हॉइटला गाडी चालवताना झोप यायची. त्याच्याशी बोलत राहणारं कोणीतरी लागायचं. गाव आलं की ऑर्विल मागच्या सीटखाली आडवा व्हायचा आणि अंगावर घोंगडी ओढायचा. गाव गेलं की घोंगडीतून आवाज यायचा, “काय रे पुढारी, उठू का?”

“थांब. एक बाई हात हलवतेय.”

“तुला?”

“मग काय तुझ्या घोंगडीला?”

असं चालायचं. त्याच गाडीत पुढच्या कुस्तीचे डाव ठरायचे.

एका बुधवारी दुपारी जत्रेत कुस्ती होती. उघड्या मैदानावर रिंग, कपडे बदलायला खोली नाही. हॉइट जिंकला आणि तेवढ्यावर लोकांचं समाधान झालं नाही. कोणीतरी खुर्ची उचलली, मग सगळ्यांनी उचलल्या. ऑर्विल झग्यासकट पळाला. गुरांच्या गोठ्यामागून, कुंपणावरून, थेट मागच्या रस्त्यावर, जिथे हॉइट गाडी घेऊन थांबला होता. मला उतरवायलाही वेळ मिळाला नाही. त्याने झगा सीटवर टाकला आणि स्वतः खाली लोळला.

तीसेक मैलांवर एका वळणाला समोरून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक रस्त्याच्या मधून आला. हॉइटने गाडी वळवली. ट्रक न थांबता निघून गेला आणि आमची गाडी चरात गेली. पुढची सीट मागे सरकली आणि ऑर्विलच्या डाव्या पायावर आली. माझ्या आत काय झालं ते मला कळलं. पहिल्यांदा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, मग जरा वर. हाड मोडतं तेव्हा आवाज मोठा नसतो.

हॉइटच्या कपाळातून रक्त येत होतं. त्याने दार उघडून ऑर्विलला बाहेर ओढलं.

“पाय?”

“गेला.”

“बूट काढ, बघू दे.”

“बूट काढलास तर घोटा भोपळ्यासारखा फुगेल आणि परत आत जाणार नाही. लेस आवळ.”

“ऑर्विल...”

“आवळ म्हणतो ना.”

हॉइटने गुडघ्यावर बसून माझी लेस आवळली. गाठ घट्ट बसली. तेवढ्यात रस्त्यावर शेरिफच्या, म्हणजे पोलिसांच्या, गाडीचा भोंगा ऐकू आला. ऑर्विल कोपरांवर सरपटत चरापलीकडच्या वेलींच्या दाट जाळीत शिरला. तिथून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

डेप्युटी ग्रॅडी नेल्म्स उतरला. शनिवारी पहिल्या रांगेत बसणाऱ्यांपैकी तो एक. “देवा, हॉइट, तू? एकटाच आहेस ना?”

“एकटाच.”

नेल्म्सने गाडीत डोकावलं. मागच्या सीटवरचं जांभळं कापड उचललं. “हा झगा त्या जल्लादाचा ना?”

वेलींमध्ये ऑर्विलने डोकं आणखी खाली घातलं.

“त्याचाच,” हॉइट म्हणाला. “जत्रेतून पळताना टाकून गेला हलकट. उचलून आणला. शनिवारी सगळ्यांदेखत या झग्याच्या टिकल्या टिकल्या करणार आहे.”

नेल्म्स खूश झाला. “मला एक तुकडा ठेव,” तो म्हणाला.

वर्डीचा एक हिवाळा तिथे गेला. पण प्राण वाचले.

ते निघून गेल्यावर ऑर्विल उठला. चालला. मक्याच्या शेतातून, नांगरलेल्या जमिनीतून. प्रत्येक पावलाला सगळा भार माझ्यावर यायचा आणि मी तो धरायचो. मी हे फुशारकीने सांगतोय, कारण ते खरं आहे. शेताच्या टोकाला एक घर होतं. फेन्टन नावाचा म्हातारा पायरीवर शेंगा सोलत होता. त्याने वर बघितलं आणि शेंगांची टोपली बाजूला ठेवून बंदूक मांडीवर घेतली.

“जल्लाद,” तो म्हणाला. कुस्तीच्या जाहिरातीतलं चित्र त्याने कुठल्यातरी भिंतीवर बघितलं असणार.

ऑर्विलला बोलायची बंदी होती. त्याने कानाशी मूठ धरून फोनची खूण केली.

“फोन मी लावतो. नंबर सांग. पायरी चढायची नाही. आणि लंगडतोयस का रे? बरं झालं.”

ऑर्विलने मातीत बोटाने नंबर लिहिला. वर्डी ट्रक घेऊन आली तेव्हा तो अंगणात उभाच होता. म्हाताऱ्याने त्याला पाणीसुद्धा दिलं नाही, आणि ऑर्विलला त्याचा अभिमान वाटला. ट्रकमध्ये बसल्यावर तो वर्डीला म्हणाला, “बघितलंस? काम चोख करतो मी.”

“तोंड बंद ठेव आणि पाय वर घे,” वर्डी म्हणाली.

घरी पोचल्यावर वर्डीचं म्हणणं सरळ होतं. शिडीवरून पडलास म्हणून सांग आणि डॉक्टरकडे चल. ऑर्विलने नकारार्थी मान हलवली. नेल्म्सने हॉइटची गाडी चरात बघितली होती, तीही आत झगा असलेली. फेन्टनने तिथून जवळच जल्लादाला लंगडताना बघितलं होतं. जत्रा तिथून तीस मैल दूर. शनिवारी जल्लाद आला नाही, किंवा लंगडत आला, तर या दोघांच्या गोष्टी एकमेकींना जोडायला कितीसा वेळ लागणार? शनिवारी दारापासून रिंगपर्यंत सरळ चालत जायचं. बस, एवढंच करायचं होतं.

“आणि रिंगमध्ये?”

“रिंगमध्ये हॉइट आहे.”

वर्डीने मला उतरवलं नाही. तिने मला बर्फाच्या पाण्यात भिजवलं, पायासकट, आणि मग पंख्यापुढे वाळवलं. पुन्हा भिजवलं, पुन्हा वाळवलं. भिजलेलं कातडं वाळताना आकसतं आणि आतल्या पायाचा आकार घेतं. मी त्याच्या मोडलेल्या घोट्याभोवती असा आवळत गेलो की शुक्रवारपर्यंत हाड हलायला जागाच उरली नाही. मित्रांनो, तुम्ही असं करू नका, सरळ दवाखान्यात जा. पण त्या घरात त्या आठवड्यात दवाखाना मीच होतो.

शनिवारी हॉल खच्चून भरला होता. नेल्म्सने जिल्हाभर सांगितलं होतं की झगा फाटणार आहे. दार उघडलं. ऑर्विलने नाक वर केलं आणि निघाला. सरळ. एकाही पावलाला मान हलली नाही. बाहेरून लोकांना जल्लादाचा माज दिसत होता. आतून मला घाम लागत होता, गार.

हॉइटने झगा फाडला. तुकडे उडवले. एक नेल्म्सला नेऊन दिला, तो त्याने टोपीत ठेवला. मग कुस्ती सुरू झाली. रेफरीच्या हातून निरोप गेलेला होता, त्यामुळे हॉइट उजवाच पाय धरत होता. माझ्या भावाने आयुष्यात एवढं काम कधी केलं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकांवरून एक आवाज आला.

“डावा धर. डावा मोडलाय त्याचा. बुधवारी माझ्या अंगणात लंगडत आला होता.”

फेन्टन. जन्मात पहिल्यांदा कुस्ती बघायला आला होता.

पहिल्या रांगेतून नेल्म्स उठला आणि मागे वळला. “तुमच्या अंगणात? म्हणजे त्या वळणापाशी? तिथेच तर हॉइटची गाडी...” आणि तो थांबला. मग त्याने सावकाश हॉइटकडे बघितलं, मग ऑर्विलकडे. हॉल हळूहळू शांत होत गेला. एवढा मोठा हॉल शांत झाला की भीती वाटते. दोघांचा धंदा, आणि त्या सगळ्या माणसांचा शनिवार, नेल्म्सच्या पुढच्या वाक्यावर टांगलेला होता.

हॉइटने रिंगच्या कडेचा माइक ओढून घेतला.

“मलाही तेच विचारायचंय, ग्रॅडी,” तो म्हणाला. “बुधवारी माझे ब्रेक लागले नाहीत. का लागले नाहीत ते आत्ता कळलं. या माणसाने जत्रेत माझ्या गाडीला हात लावला, आणि मी मेलो की नाही ते बघायला मागून आला.”

मित्रांनो, त्याने हे कसं रचलं मला माहीत नाही. मला वाटतं त्यालाही माहीत नव्हतं. हॉल पेटला. खुर्च्या उठल्या. आणि ज्याचा हॉइटने विचारच केला नव्हता ते झालं. ग्रॅडी नेल्म्सने ते मनापासून खरं मानलं. कमरेच्या बेड्या काढत तो दोरखंडांमधून रिंगमध्ये चढला. खलनायकाला शिव्या देणारे खूप होते. अटक करायला आजवर कोणी आलं नव्हतं.

 हॉइटने माइक पुन्हा तोंडाशी नेला. तो कबूल करणार होता. ऑर्विलला ते दिसलं. त्याने सगळा भार माझ्यावर टाकला, मोडलेल्या पायावर, एक पाऊल पुढे गेला आणि हॉइटच्या तोंडावर थुंकला.

त्यानंतर हॉइट काय बोलला ते कोणालाच ऐकू आलं नसतं. नेल्म्सने बेड्या घातल्या आणि ऑर्विलने नाक वर केलं. दारापर्यंतची वाट लोकांमधून जात होती. त्याच्या अंगावर काय काय पडलं ते सांगत नाही. तो लंगडला नाही. आता लंगडला असता तरी चाललं असतं, पण तो लंगडला नाही.

कोठडीत एका म्हाताऱ्या डॉक्टरला बोलावलं. त्याने मोठी कात्री काढली आणि माझ्या वरच्या कडेला लावली.

“लेस कापा,” ऑर्विल म्हणाला. “बूट नाही.” चारचौघांत बोललेले त्याचे ते पहिले शब्द.

“कापला नाही तर ओरडशील.”

“ओरडतो.”

तो ओरडला. कात्रीची एक छोटी चीर मात्र बसलीच, ती माझ्या कडेला आहे. डॉक्टरने घोटा बघितला. “कधी मोडला?”

“आत्ता. त्या हॉइटने मोडला.”

“पिवळा पडलाय. दोन-तीन दिवसांशिवाय असा रंग येत नाही.”

“माझ्या जखमा लवकर पिकतात.”

 डॉक्टरने प्लास्टर कालवायला घेतलं.

सोमवारी हॉइटने न्यायाधीशांना सांगितलं की तक्रार मागे घेतो, हिशोब रिंगमध्ये करेन. त्यामुळे तो आणखी मोठा झाला. प्लास्टर निघेपर्यंत लोक जल्लादाची वाट बघत होते, आणि तो परत आला तेव्हा संपूर्ण उन्हाळाभर हॉलबाहेर रांगा लागल्या. मिस्टर गॅडिसना खरं काय घडलं ते मरेपर्यंत कळलं नाही.

पण गावात ब्रेकची गोष्ट राहिली. खलनायकाला शिव्या देणं वेगळं आणि मारेकरी समजणं वेगळं. न्हाव्याने केस कापायचं नाकारलं. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसेना. शाळेच्या स्वयंपाकघरातलं वर्डीचं काम गेलं. एका संध्याकाळी राजम्याच्या पातेल्याशी उभी राहून ती म्हणाली, “एकदा सांगून टाक.”

“सांगितलं तर हॉइट खोटा ठरतो.”

“आणि तू खरा ठरतोस. मला चालेल तेवढं.”

“वर्डी, ती माणसं त्याच्यावर विश्वास ठेवतात. त्यांच्याकडे दुसरं आहे काय?”

“आणि माझ्याकडे?” वर्डी म्हणाली.

 ऑर्विलने मक्याचा पाव ताकात बुडवला आणि खाली मान घालून जेवला. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, पण मिटलाही नाही. मी दाराशीच असायचो, मला ठाऊक आहे.

आणखी बरीच वर्षं आम्ही काम केलं. घोटा वाकडा जुळला होता आणि मी त्याच्याबरोबर वाकडा झालो होतो. लूथरने दोनदा माझा तळ बदलला. मग मोठ्या शहरांतल्या कंपन्यांची कुस्ती टीव्हीवर घरोघरी दिसू लागली आणि आमचा हॉल रिकामा पडला. गॅडिसनी रिंग विकली. मी गोठ्यामागच्या खोपटात गेलो. एका कुंभारमाशीने माझ्या बोटांच्या जागी मातीचं घर बांधलं. उंदरांनी उजव्या भावाची जीभ कुरतडली. त्या वर्षांबद्दल मला काही म्हणायचं नाही. काम नसलेल्या बुटाने रडावं असं माझं मत नाही.

त्याच काळात मोठ्या कंपन्यांच्या मालकांनी स्वतःच जाहीर करून टाकलं की सगळं ठरलेलं असतं. जुने पैलवान टीव्हीवर येऊन गुपितं सांगू लागले. कोण कोणाबरोबर गाडीतून जायचा, कोणी कोणाला खोटं रक्त लावलं. लोक हसायचे. ऑर्विलकडेही माणसं आली. त्याने दार लावून घेतलं.

मग एका सकाळी हॉइटचा फोन आला. दोघंही सत्तरी ओलांडलेले. फोन ठेवून ऑर्विल थेट खोपटात आला, मला उचललं, मातीचं घर काडीने कोरून काढलं, तेल लावलं, नवी लेस ओवली. पायात चढवायला बराच वेळ लागला.

“कुठे निघालास?” वर्डीने विचारलं.

“कामाला.”

हॉइट भर दुपारी आला. गाडी समोरच्या रस्त्यावर, दारापुढे उभी केली. इतक्या वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. रस्त्यापलीकडे ग्रॅडी नेल्म्स राहायचा, निवृत्त झालेला. तो ओसरीवरच्या खुर्चीत सरळ बसला. शेजारच्या घरांचे पडदे हलले.

हॉइट कुंपणाशी थांबून हळू आवाजात म्हणाला, “शुक्रवारी टीव्हीवाले येतायत. मी सांगणार आहे. ब्रेकचं.”

“का?”

“तुझं नाव धुवून निघेल.”

“आणि तुझं?”

“माझं जाऊ दे. ठरलेलं असतं हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. आपण कोणाला फसवतोय, ऑर्विल?”

“निकाल ठरलेला असतो हे माहीत आहे त्यांना. हॉइट स्टॅन्सिल माझ्यामुळे चरात गेला नव्हता, हे माहीत नाही.” ऑर्विलने रस्त्यापलीकडे बघितलं. “तो बघ ग्रॅडी. आयुष्यात त्याने एकच मोठा गुन्हेगार पकडला. त्याच्याकडून तो काढून घेऊ का मी?”

“मग तुझं काय?”

“माझं नाव मी मळवलं. धुवायचं की नाही ते मी ठरवणार. तू कोण?”

हॉइट म्हणाला, “मी शुक्रवारी सांगणार आहे.” आणि फाटक उघडून आत आला.

ऑर्विलने छाती भरून श्वास घेतला. आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “तुझी हिंमत कशी झाली माझ्या दारात यायची?”

मग त्याने हॉइटच्या कानाखाली एक ठेवून दिली. आवाज मोठा झाला, कारण त्याने दुसऱ्या हाताने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली होती.  मग हॉइटचे खांदे खाली आले, गुडघे वाकले, आणि तो पुढे सरसावला. दोघं गवतात आडवे झाले. हॉइटने मला दोन्ही हातांत धरलं आणि पिळायला सुरुवात केली. ऑर्विल किंचाळला. मित्रांनो, मी त्या हातांत होतो. त्यांनी त्या वाकड्या घोट्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. टाच हॉइटने स्वतःच्या मांडीवर टेकवली होती, म्हणजे सगळा भार त्याच्यावर. पिळत होते ते फक्त त्याचे खांदे.

नेल्म्स कुंपणापाशी येऊन ओरडत होता, “सोडू नकोस त्याला, हॉइट.” शेजारच्या बाया ओसरीवर आल्या होत्या. कोणी हसत नव्हतं. ठरलेलं असतं हे सगळ्यांना माहीत होतं म्हणे.

तेव्हा वर्डी झाडू घेऊन बाहेर आली. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि हॉइटच्या पाठीत घातला. त्या अंगणात तेवढा एकच फटका खरा होता. हॉइटच्या तोंडून निघालेला आवाजही खरा होता. ती त्याच्या कानाशी वाकली आणि फक्त आम्हा तिघांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हा ब्रेकचा.”

हॉइट खाली मान घालून म्हणाला, “बरोबर आहे, वर्डी.”

“शुक्रवारी तोंड उघडलंस तर याच झाडूने तुझ्या घरी येईन. याने एवढी वर्षं सांभाळलंय ते तुला चार मिनिटांत उधळायला नाही.”

तो गेला, कमरेवर हात ठेवून. शुक्रवारी टीव्हीवर त्याने भजन म्हटलं.

आता दोघंही नाहीत. वर्डी आहे, आणि तिने मला ओसरीतल्या फळीवर ठेवलंय. तुमच्यासारखी मुलं येतात, माझं पिनेचं भोक आणि कात्रीची चीर बघतात आणि विचारतात, हे खोटं होतं ना? वर्डी त्यांना काही सांगत नाही. मी सांगतो. मला पॉलिश लावू नका. माझी वाकडी टाच ठोकून सरळ करू नका. वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवा, उन्हात फार ठेवू नका, आणि जुन्या कातड्याला कुठे मोडलं होतं हे त्याच्या सुरकुत्यांवरून वाचायला शिका. आणि तुमच्यापैकी कोणाला अजूनही मला खोटा म्हणायचं असेल, तर जरूर म्हणा. फक्त आधी मला पायात घाला, लेस आवळा, आणि मोडलेला घोटा घेऊन त्या गर्दीतून दारापर्यंत सरळ चालून दाखवा.